दारातल्या पेट्या

एक माणूस साडेतीन महिने सस्पेंड राहिला, तो मी लिहिलेल्या चार वाक्यांमुळे. हे आधीच सांगून टाकते. माझ्यासारखे पर्चे, म्हणजे पत्रकं, लिहिणारे लोक वाचकाला आधी आपल्या बाजूला ओढून घेतात आणि आपली चूक असली तर ती शेवटी, हळूच, हात झटकत सांगतात. तसं करायची आता ताकद नाही.

आमचं घर मराठी आहे, म्हणजे रायपूरमध्ये जेवढं उरतं तेवढं. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून इकडे आले, बाबाही रेल्वेत. आई वऱ्हाडी बोलते, बाबा निम्मं हिंदी बोलतात, लहान भाऊ मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतो. मी दोन्हीत भांडते. लिहिणं मात्र आजवर हिंदीतच झालं, कारण पर्चा हिंदीत निघतो. हे मराठीत लिहिते आहे, कारण यातलं जे खरं माझ्याशी बोललं गेलं ते मराठीत बोललं गेलं.

आम्ही सात-आठ जण होतो. कॉलेजात असताना एकत्र आलो, कॉलेज सुटलं तरी सुटलो नाही. बूढ़ापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत एक छापखाना आहे. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर आत नेली तर वळवता येत नाही, उलटी ढकलत बाहेर काढावी लागते. तिथे आमचे पर्चे छापले जात. आमच्यातला थोरला, ज्याला सगळे भैया म्हणत, त्यानं मला लिहायला शिकवलं. पर्च्यात तीन गोष्टी पाहिजेत, असं तो सांगायचा. एक चित्र, एक दोषी, एक मागणी. कारणं लिहायची नाहीत. चौकात उभा राहून, एका हातात भाजीची पिशवी धरून कुणी कारणं वाचत नाही. मला ते पटलं होतं. मी त्यात चांगली होते, हेही सांगते.

माझी एक वर्गमैत्रीण धमतरी रोडच्या आतल्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा फोन आला. तिनं जुलाब झाल्यावर पाण्यातून द्यायची ओआरएसची भुकटी मागवली होती, पुड्यांवर पुडे. त्याऐवजी आल्या खोकल्याच्या औषधाच्या चाळीस बाटल्या, आणि त्यांची तारीख तीन महिन्यांत संपत होती. "चालीस बाटल किसको पिलाऊँ, गाय को?" ती म्हणाली. सांगताना हसत होती, पण ते हसणं थकलेलं होतं. तिच्याकडे मागच्या वर्षीही असंच झालं होतं, त्याच्या आधीच्या वर्षीही.

औषधं जिथून येत ते खात्याचं गोदाम उरला या कारखान्यांच्या भागात आहे. दोन रोलिंग मिलच्या मधे एक पत्र्याची शेड. त्या भागात झाडाच्या पानावरून बोट फिरवलं तर बोट काळं होतं. गोदामाला जायचं म्हणजे ट्रकांच्या रांगेतून वाट काढत जायचं. मैत्रिणीच्या केंद्राची जीप माल उचलायला जाणार होती, ड्रायव्हर ओळखीचा होता, मी मागच्या सीटवर बसून गेले.

आत शिरले आणि माझं चित्र मला दाराशीच मिळालं. दारातून आत पाऊल टाकताच डाव्या हाताला पेट्यांची एक बसकी भिंत होती, कमरेइतकी उंच. वाटेत आडवी. माणसाला तिला वळसा घालून जावं लागत होतं. पेट्यांवरच्या तारखा मी वाचल्या. सगळ्या संपलेल्या. काही वर्षभरापूर्वी, काही त्याहून आधी. आणि त्या पेट्यांवर बसून एक लोडर भैया डबा उघडून बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खात होता, कांद्याबरोबर.

मी फोटो काढला. टेबलाशी बसलेला चष्मेवाला म्हातारा माणूस, तोच स्टोअरकीपर, वर बघून म्हणाला, "दीदी, उधर से मत आइए, पेटी है, पैर लगेगा." मला वाटलं, हा मला बघू देत नाही. मी आणखी दोन फोटो काढले.

पर्चा त्याच दिवशी लिहून झाला. वर फोटो. खाली चार वाक्यं: "ये पेटियाँ मर चुकी हैं. फिर भी दरवाज़े पर खड़ी हैं, आपके गाँव जाने के लिए. भंडारपाल इन पर रोटी खिलवाता है. इसे हटाओ." दारात ठेवलेला माल आधी बाहेर जातो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. किराणा दुकानात जातो, आमच्या स्वयंपाकघरात जातो, सगळीकडे जातो. मला कुणाला विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर कारण कळलं असतं, आणि कारण पर्च्यात मावत नाही.

पर्चा फोनवरून फिरला. चौथ्या दिवशी स्टोअरकीपर सस्पेंड झाला. आम्ही छापखान्याच्या पायरीवर बसून समोसे खाल्ले. खोटं कशाला बोलू, छान लागले.

रविवारी मी विहारात गेले नव्हते. आई वंदनेहून परत आली, चप्पल काढता काढताच बोलली.

"तुले माहीत हाये काय, तुया पर्च्यानं कोण घरी बसला?"

"स्टोअरकीपर."

"स्टोअरकीपर म्हणे. त्यायले नाव-गाव नसते काय? चौबे कॉलनीतले काका होय ते. विहारात मागच्या खांबापाशी बसतात, चष्मा पुसून राहतात सारखे. तुही दहावी झाली तेव्हा पेन देल्ला होता त्यायनं तुले."

पेन मला आठवला नाही. खांब आठवला, चष्मा आठवला. गोदामात आम्ही दोघंही हिंदीत बोललो होतो. त्यांनी मला ओळखलं होतं की नाही, कोण जाणे.

"ओळखीचे असले म्हणून काय झालं," मी म्हणाले. "एक्स्पायरी माल ठेवला होता ना दारात."

"ठेवला आसंन. मी काय म्हणून राहिली, तू इचारलं होतं काय, काहून ठेवला?"

मी तिच्या चपला कोपऱ्यात सरकवल्या.

"नाही इचारलं," आई म्हणाली. "मले माहीतच होतं." आणि ती कुकर लावायला आत गेली.

तीन-चार दिवस मी स्वतःशी वाद घातला. त्यात बहुतेक वेळा मीच जिंकले. पाचव्या दिवशी संध्याकाळी चौबे कॉलनीत गेले.

पहिल्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. काकांनी दार उघडलं, मला पाहिलं, बाजूला झाले. काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि आत गेल्या. मी निघेपर्यंत त्या परत बाहेर आल्या नाहीत. काका इस्त्रीच्या शर्टात होते. सस्पेंड माणसालाही हजेरी लावावी लागते, हे मला तेव्हा कळलं. रोज दहाला डबा घेऊन मोठ्या ऑफिसात जायचं, सही करायची, पाचपर्यंत बाकावर बसायचं. काम काही नाही. जुने ओळखीचे शिपाई दुसऱ्या जिन्यानं जातात.

मी म्हणाले, "काका, मी ते..."

"हव, माहीत हाये मले," ते म्हणाले. "बस."

पाण्याचा ग्लास त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तू आतमंदी आली होती पोरी. चार पावलांवर मी बसलो होतो. फोटो काढला तं काढला, इचारलं काहून नाही?"

"मला वाटलं तुम्ही खोटं सांगाल."

"मंग खोटं सांगतलं असतं तं पाहून घेतलं असतं. खोटं बी ऐकाच लागते ना पहिले."

मग त्यांनी सांगितलं. रागावून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते सांगत होते ते नव्या कामावर आलेल्या माणसाला काम समजावून सांगावं तसं.

तारीख गेलेलं औषध फेकता येत नाही. तीन साहेबांची समिती बसते, तिघांच्या सह्या होतात, मग ते नष्ट करायला जातं. सह्या होईपर्यंत ते स्टोअरकीपरच्या नावावर असतं. एक पेटी कमी भरली तर त्याच्या माथी. ही समिती बसत नव्हती. एक साहेब आला तर दुसरा दौऱ्यावर. काकांनी पत्रं लिहिली, स्मरणपत्रं लिहिली. मग त्यांनी सगळ्या मेलेल्या पेट्या मागच्या कोपऱ्यातून काढून दारात लावल्या, मुद्दाम वाटेत.

"साहेब लोक आत येतेत, रजिस्टरवर सही करतेत, चहा पेतेत, जातेत. मागं कोण पाहते? दारात ठेवलं तं बुटाले लागन. बुटाले लागलं तं इचारन, हे काय होय. इचारलं तं मी कागद समोर करीन."

"मग? विचारलं कुणी?"

"एकानं इचारलं." ते किंचित हसले. "म्हणे, यहाँ से हटाओ, पैर लगता है."

लोडर लोक त्या ढिगाला साहेबांचा ओटा म्हणायचे. बाहेर जाणाऱ्या मालाला कुणी टेकतसुद्धा नसे, काका टेकू देत नसत. जेवायला बसायचं तर त्या ओट्यावर, कारण तो माल कुठंच जाणार नव्हता, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे माझ्या फोटोत डबा उघडून बसलेला माणूसच सांगत होता की या पेट्या गावाला जात नाहीत. आणि मी नेमक्या त्याच फोटोखाली उलटं लिहिलं.

मी विचारलं, "मग माझ्या मैत्रिणीच्या चाळीस बाटल्या?"

"तो फॉल्ट हाये," काका लगेच म्हणाले. "फॉल्ट नाही असं म्हणून नाही राहिलो मी. जवळच्या तारखेचा माल पहिले जाते, ते बरोबर. पण तिच्या गावी सहा बाटल्या सरतात. चाळीस काहून गेल्या? कारण वरून यादी येते, जे पडून हाये ते वाटून टाका. कोण्या गावाले काय लागते, किती सरते, हे कोणी मांगतच नाही. तुले लिहाचं होतं तं हे लिहाचं होतं."

मग त्यांनी मला कपड्याच्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. कंप्युटर माल आल्याच्या तारखेनं चालतो. आधी आला तो आधी जाईल. ऐकायला बरोबर वाटतं. पण कंपनी कधी कधी मागून जुना माल पाठवते, आणि मागून आलेली पेटी आधी मरते. कंप्युटरला ते दिसत नाही. म्हणून काकांनी प्रत्येक थप्पीच्या पुढच्या पेटीला कापडाची पट्टी बांधली होती. काकूंच्या जुन्या साड्या फाडून केलेल्या. लाल म्हणजे या तीन महिन्यांत संपणारा माल, पिवळी म्हणजे त्याच्या पुढच्या, हिरवी म्हणजे वेळ आहे. दर तीन महिन्यांनी पट्ट्या बदलायच्या. वाचता न येणारा लोडरही लाल आधी उचलायचा. सरकारी कागदावर हे कुठंच नव्हतं.

"पाच महिने रायले माहे," ते म्हणाले. "चौकशी चालू असताना रिटायर झालो तं सारी जिंदगी लोक म्हणतीन, एक्स्पायरीवाला. मले दुसरं काही नाही पायजे. बहाल व्हाचं, कामावर वापस याचं, आन् आपल्या हातानं चार्ज द्याचा. चाव्या मोजून द्याच्या. मंग बसा म्हणा घरी."

जिना उतरताना पाय जड होते, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी चिडले होते. सगळ्यांवर, त्यांच्यावरसुद्धा. इतकं बरोबर वागून माणसानं एवढं मूर्खासारखं उघडं कशाला राहावं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या लोकांना सांगितलं की मला पर्चा मागे घ्यायचा आहे. भैयानं आधी पूर्ण ऐकून घेतलं, हे कबूल करते. मग म्हणाला, "देख, माफीनामा निकालेगी तो अगली बार अपनी कौन सुनेगा?"

मी म्हणाले, "ती गोष्टच खोटी आहे."

"गोदाम में गड़बड़ है कि नहीं?"

"आहे."

"तो पर्चा सही है. आदमी गलत निकला, बस."

बस, असं तो म्हणाला. हे त्याचं वाक्य महिन्याभरापूर्वी मीही बोलले असते, आणि जोरात बोलले असते. त्या दिवसानंतर मी छापखान्यात गेले नाही. भांडण झालं नाही. फोन आले, मी उचलले, बोलले, जाणं झालं नाही.

मधल्या काळात एकदा गोदामात गेले. आता तिथला तात्पुरता चार्ज कंप्युटरवर बसणाऱ्या मुलीकडे होता. माझ्याच वयाची, कंत्राटावरची, ओढणी डोक्याला घट्ट बांधून बसलेली. शेड चकाचक झाली होती. दारात एक पेटी नव्हती. सगळा ढीग मागच्या भिंतीला, मोडक्या कूलरच्या पाठीमागे गेला होता, वर ताडपत्री. साहेबांनी येऊन स्वच्छतेचे फोटो काढून नेले होते. कपड्याच्या पट्ट्या चिंध्या दिसतात म्हणून काढायला लावल्या होत्या.

डबा खाणारा तो लोडर भैया ट्रकच्या फळीवर टेकून उभा होता. मला त्यानं ओळखलं.

"देखव दीदी, कतका सुग्घर होगे," तो म्हणाला. केवढं छान झालं बघा. टोमणा होता की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मग म्हणाला, "अब बइठे के जगा घलो नइ हे. अउ पहिली का निकालना हे, तेला कोनो नइ जानय."

बसायला जागा नाही, आणि आधी काय काढायचं ते कुणाला माहीत नाही. माझा पर्चा यशस्वी झाला होता, त्याचं हे सार.

चौकशीत साक्ष द्यायला मी एकटीच गेले. चौकशी अधिकारी सभ्य माणूस होता. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, टेबलावर माझा पर्चा, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातलेला. मी तयारी करून गेले होते. समिती, सह्या, पट्ट्या, मागणी न बघता वाटलेला माल, सगळं बोलायचं होतं. दोन मिनिटं बोलले असेन. त्यांनी हात वर केला.

"ये सब आपकी राय है. मुझे एक बात बताइए. आपने लिखा है, ये पेटियाँ गाँव जाती हैं. आपने जाते देखा?"

"नाही... नहीं."

"किसी ने बताया?"

"नहीं."

"तो लिखा कैसे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. तीन गोष्टी लागतात, एक चित्र, एक दोषी, एक मागणी. ते त्यांना कसं सांगणार? मी म्हणाले, "मैंने देखा नहीं था. लिख दिया."

"यही लिख के दीजिए," ते म्हणाले, आणि कोरा कागद पुढे सरकवला.

मी आजवर कितीतरी लिहिलं. दारूच्या ठेक्याविरुद्ध, बंद पडलेल्या बोअरिंगबद्दल, शाळेच्या फुटलेल्या छपराबद्दल. तीन ओळींना एवढा वेळ कधी लागला नव्हता. प्रत्येक ओळीत मला एक 'परंतु' घालावासा वाटत होता. परंतु गोदामात दोष आहे. परंतु हेतू चांगला होता. अधिकारी खिडकीबाहेर बघत बसले होते. शेवटी एकही 'परंतु' न घालता कागद दिला.

ऑर्डर यायला आणखी महिना गेला. सस्पेन्शन मागे. पण चालू माल आणि मेलेला माल एकाच वाटेत ठेवला, म्हणून लेखी ताकीद. आणि उरलेल्या काळासाठी बदली, मोठ्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत. गोदाम गेलं. काकांनी ऑर्डर मला वाचायला दिली आणि चष्मा पुसत राहिले.

"चार्ज तरी द्याले भेटन," ते म्हणाले. "सस्पेंड केलं तेव्हा चाव्या हिसकल्यावानी घेतल्या. मोजून नाही घेतल्या. आता मोजून देतो."

मी विचारलं, मी येऊ का. ते म्हणाले, "ये. वाचाले पायजेच कोणीतरी, माहे डोळे नाही लागत आता बारीक अक्षराले."

चार्ज द्यायला दोन दिवस लागले; तेवढ्यापुरत्या चाव्या परत काकांच्या हाती आल्या होत्या. काका त्यांच्या जुन्या खुर्चीवर बसले नाहीत, दोन्ही दिवस उभे राहिले. लोडर भैयानं स्टूल आणून ठेवलं, त्यावर त्यांनी डबा ठेवला. पेट्या त्या मुलीनं स्वतः मोजायच्या, हा त्यांचा हट्ट. ते म्हणाले, तुमच्या हाताखाली येतंय ते तुमच्या बोटानं मोजा, माझ्या तोंडावर भरोसा ठेवू नका. ती मोजायची, मी रॅकमध्ये वाकून टॉर्चच्या उजेडात बॅच आणि तारीख वाचायची, काका रजिस्टरशी जुळवायचे. पत्रा तापत होता. पंखा गरम हवा इकडून तिकडे करत होता.

पहिल्या दिवशी दुपारी ती मुलगी मोजता मोजता थांबली. "काका, तारीख तो पेटी पे लिखी है. कंप्यूटर में क्यों नहीं डालते?"

"खाना है क्या उसमें?"

"है. खाली पड़ा है. सर बोले थे छोड़ दो, टाइम लगता है."

एवढी वर्षं काका साड्या फाडत होते आणि तारखेचा रकाना तिथे रिकामा पडून होता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण कंप्युटरच्या खोलीत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आणि त्या मुलीला पट्ट्यांचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. तिलाही त्या चिंध्याच वाटल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं, आणि कुणावर ते कळलं नाही.

"भर मग," काका म्हणाले, मराठीत, आणि तिला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कंप्युटर लांब वायर लावून रॅकपाशीच आणला. आता एका वाचण्यात दोन कामं होऊ लागली. तरी वेळ दुप्पट लागत होता, सर ज्याला घाबरले होते तोच वेळ.

मागच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. लोडर भैयानं ताडपत्री ओढली. मेलेल्या पेट्या तशाच होत्या. समिती अजून बसली नव्हती. काकांनी त्या दोनदा मोजायला लावल्या, दोन्ही वेळा रजिस्टरशी जुळल्या. मग ते त्या मुलीला म्हणाले, "इनका क्या करोगी? सामने लगवा दूँ? आदमी हैं अभी."

तिनं पेन उघडलं, बंद केलं.

"पीछे ही ठीक है काका," ती म्हणाली. "सामने रखूँगी तो कोई आएगा, फोटो..." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

काकांनी मान हलवली. "हव," ते म्हणाले. "ठीक है. आपका गोदाम है अब." आणि त्यांनी स्वतः ताडपत्रीचं एक टोक धरून ओढून घेतलं.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिला सांगता आलं असतं की तसं होणार नाही, मी आहे. पण मी आहे म्हणूनच ती घाबरली होती.

साडेचारला यादीच्या शेवटच्या पानावर सह्या झाल्या. काकांनी चाव्या टेबलावर एकेक करून मांडल्या, मोठ्या दाराची, आतल्या जाळीची, फ्रिजची, कपाटाच्या दोन. प्रत्येक चावी कशाची ते सांगितलं, तिनं प्रत्येक लावून पाहिली. मग त्यांनी रजिस्टरवर तारीख घातली, सही केली, खाली चार्ज दिला असं लिहिलं. अक्षर सुरेख होतं. डबा उचलला. लोडर भैया दारापर्यंत गेला त्यांच्याबरोबर. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ट्रकचा हॉर्न वाजत होता.

मला वाटलं होतं ते जाताना मला काही म्हणतील. म्हणाले ते एवढंच, "खालच्या तीन खणांच्या तारखा नाही झाल्या भरून. लिस्टीत पेट्या मोजल्या गेल्या, पण कंप्युटरातला खाना रिकामा हाये. करून घ्या." आणि गेले. सहाची बस त्यांना सोडायची नव्हती.

माझी पाठ भरून आली होती. ती मुलगीही सकाळपासून जेवली नव्हती. उद्या करू, असं दोघींपैकी कुणीही म्हणालं असतं तर चाललं असतं. तिनं कंप्युटर पुन्हा ओढून घेतला, मी गुडघ्यावर बसून खालच्या खणात टॉर्च मारली. सलाईनच्या पेट्या. वरची बॅच आधी आलेली, तारीख लांबची. तिच्यामागे, भिंतीला चिकटून, नंतर आलेली आणि आधी मरणारी.

"दीदी, बोलिए," ती म्हणाली.

मी मागची पेटी पुढे ओढली आणि तारीख वाचली.